सुटा भाग आणि अडलेली बोट

मासेमारी बोटीवर पैसा कशाकशात जातो, असे विचारले तर किनाऱ्यावर कधी न राहिलेला माणूसही चार गोष्टी सांगेल : लाकूड, इंजिन, जाळी, डिझेल. थोडा माहीतगार असला तर बर्फ आणि खलाशांचा पगार यांची भर घालील. या यादीत गेल्या पंचवीस-तीस वर्षांत आणखी एक बाब गाजावाजा न करता येऊन बसली आहे. कोकणातल्या कुठल्याही बंदरात यांत्रिक बोटीच्या केबिनमध्ये डोकावून पाहा. सुकाणूच्या चाकासमोर, देवाच्या तसबिरीच्या किंवा कुराणातल्या आयतीच्या चौकटीशेजारी, पडदा असलेली एक छोटी पेटी दिसेल. ती फिशफाइंडर. तिच्या बाजूला जीपीएसची पेटी, छताला अडकवलेला व्हीएचएफ वायरलेस आणि मोठी बोट असेल तर एआयएस नावाचे आणखी एक यंत्र.

या पेट्या विकत घेणे हा बोटमालकाला मोठा खर्च वाटतो, पण तो आधी ठाऊक असलेला खर्च असतो. त्यासाठी तो पैसे साठवतो, कर्ज काढतो, बायकोचे दागिने ठेवतो. त्याच्या छातीत धडकी भरते ती पुढे, यातला एखादा भाग बिघडतो तेव्हा. भाग दिसायला किरकोळ असतो. बोटभर लांबीचा प्लग, दहा-बारा मीटर केबल, मुठीएवढा काळा गोळा. आणि त्याची किंमत ऐकली की ऐकणाऱ्याला वाटते, आपल्याला चुकून अख्ख्या यंत्राचा भाव सांगितला गेला.

घरात आपल्यालाही या गोष्टीचा थोडाफार अनुभव असतो. कुकरची रिंग गेली तर आपण कोपऱ्यावरच्या भांडीवाल्याकडे जातो, कुकर किती लिटरचा एवढे सांगतो आणि पाच मिनिटांत रिंग घेऊन येतो. टीव्हीचा पडदा गेला की मात्र मेकॅनिक खांदे उडवून म्हणतो, ‘‘यात पैसे घालू नका, नवीनच घ्या.’’ फरक एवढाच की टीव्ही बंद पडल्याने आपली मालिका बुडते. फिशफाइंडर बंद पडला तर नाखवाची फेरी बुडते, आणि वायरलेस बंद पडला तर काय बुडू शकते ते सांगायला नको.

हा फिशफाइंडर आहे तरी काय? त्याचे तत्त्व आपल्या सह्याद्रीतल्या दरीत हाक मारणाऱ्या गुराख्याला कळेल इतके सोपे आहे. हाक मारायची आणि प्रतिध्वनी किती वेळाने आला ते मोजायचे. बोटीच्या तळाशी ट्रान्सड्यूसर नावाचा गोळा बसवलेला असतो. त्याच्या पोटात एक खास चिनी मातीची चकती असते. तिला विजेचा झटका दिला की ती थरथरते आणि पाण्यात आवाज सोडते. आवाज परत येऊन आदळला की ती पुन्हा थरथरते आणि वीज देते. काही स्फटिकांवर दाब पडला की वीज निर्माण होते, हे पिएर आणि जाक क्युरी या भावांनी १८८० साली दाखवून दिले होते. त्याच गुणाचा हा उपयोग. समुद्राच्या पाण्यात आवाज सेकंदाला सुमारे १,५०० मीटर वेगाने जातो. म्हणजे ३० मीटर, आपल्या जुन्या तांडेलांच्या भाषेत सोळा-सतरा वाव, खोल तळावर आपटून परत यायला सेकंदाचे चार शतांश पुरतात. मध्ये बांगड्याचा थवा असेल तर त्याच्यावरूनही आवाज परततो आणि पडद्यावर रंगीत ढग उमटतो.

त्याआधी हे काम शिसे आणि दोरी यांच्यावर चाले. शिशाचे वजन दोरीला बांधून सोडायचे, तळाला टेकले की दोन्ही हात पसरून दोरी वाव-वावाने मोजत ओढायची. वजनाच्या तळाला चरबी किंवा साबण लावला की तळाची वाळू किंवा चिखल चिकटून वर येई. त्यावरून तांडेल आपण कुठल्या पट्ट्यात आहोत ते ओळखत असे. जागा लक्षात ठेवायची ती किनाऱ्यावरच्या खुणांनी : अमक्या डोंगराच्या सोंडेवर तमके देऊळ आले आणि दुसऱ्या बाजूला दीपगृह टेकडीआड गेले की इथे जाळे टाकायचे. हे ज्ञान बापाकडून मुलाकडे जात असे. आज ते जीपीएसच्या पोटात आकड्यांच्या रूपाने साठवलेले असते, आणि पेटी जळाली की वीस-वीस वर्षे जमवलेल्या जागा तिच्याबरोबर जातात. शहाणे तांडेल आकडे वहीत उतरवून ठेवतात. पण सगळेच शहाणे नसतात आणि वह्याही भिजतात.

मासे शोधणाऱ्या या यंत्राचा जन्म कसा झाला, हे आपल्या विषयाच्या दृष्टीने मोठे गमतीचे आहे. जपानच्या नागासाकी भागात फुरुनो नावाचे दोघे भाऊ मच्छीमारांच्या बोटींवर विजेची कामे करून देत. बोटींवर दिवे बसवायचे, बिघडलेले दुरुस्त करायचे, असा त्यांचा धंदा. युद्ध संपल्यावर नौदलाची खोली मोजणारी यंत्रे भंगारात निघाली होती. त्यांतले एक घेऊन, त्यात फेरफार करून या भावांनी मासे दाखवणारे यंत्र तयार केले, आणि १९४८ साली व्यवहारात चालणारा जगातला पहिला फिशफाइंडर बाजारात आणला. सुरुवातीला कोळ्यांचा त्याच्यावर विश्वास बसेना. गोतो बेटांकडच्या बोटींनी भरपूर मासळी पकडून दाखवली तेव्हा कुठे मागणी आली. जगभरातला हा मोठा उद्योग अशा रीतीने दुरुस्तीच्या दुकानातून, भंगारातले यंत्र उघडून पाहण्यातून जन्माला आला. आजच्या पेटीवर मात्र ‘आत वापरणाऱ्याने दुरुस्त करण्याजोगे काही नाही, उघडू नये’ अशा अर्थाची सूचना छापलेली असते.

रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका बंदरातला प्रसंग सांगतो. ऐन ऑक्टोबर, मासळीचे दिवस. एका नाखवाच्या बोटीवर उंदराने ट्रान्सड्यूसरची केबल कुरतडली. बोटीवर उंदीर असणे नवीन नाही. मासळी, तांदूळ आणि ऊब तिन्ही एका जागी मिळाल्यावर तो दुसरीकडे कशाला जाईल? केबल फार तर वीतभर खराब झालेली. वरचा पडदा शाबूत, खालचा गोळा शाबूत. मुंबईच्या विक्रेत्याकडे फोन केला तर उत्तर आले, केबल सुटी मिळत नाही. ती कारखान्यातच गोळ्याला जोडून ओतलेली असते, म्हणून ट्रान्सड्यूसर पूर्ण घ्यावा लागेल. किंमत नव्या यंत्राच्या जवळजवळ निम्मी. माल परदेशातून येणार, तीन आठवडे धरा. शिवाय जुना गोळा काढून नवा बसवायचा म्हणजे तळाला भोक. बोट पाण्याबाहेर ओढावी लागणार. ओढण्याचे पैसे वेगळे आणि त्या दिवसांची बुडालेली मासळी वेगळी.

नाखवाचे वडील अजून हयात होते. त्यांनी माळ्यावरचे शिसे काढून दिले. पाच-सहा दिवस बोट शिशावर चालली. पण हाताखालची पोरे वाव मोजायला शिकलेलीच नव्हती. दोनदा जाळे खडकात अडकून फाटले. शेवटी बंदराजवळच्या एका दुरुस्तीवाल्याने कुरतडलेला तुकडा कापून टाकला. आतल्या दोन तारा आणि त्यांच्यावरची जाळीची वेष्टनतार वेगवेगळ्या जोडून, डाग देऊन, त्यावर दोन डब्यांतला इपॉक्सी ओतून सांधा बंद केला. एका दुपारचे काम. बोट दुसऱ्या पहाटे गेली आणि पडद्यावर तळ दिसू लागला.

‘‘साहेब, उंदराने खाल्ली ती वीतभर,’’ तो नाखवा मला म्हणाला, ‘‘आणि हे लोक पैसे मागतात ते समुद्राच्या तळापर्यंतचे!’’

आता विक्रेता किंवा कारखानदार लबाड आहे असे म्हणून मोकळे होणे सोपे आहे, पण ते पूर्ण खरे नाही. मी आयुष्यभर बँकेत काढले. माल पडून राहिला की त्याचे काय होते हे मी गोदामांच्या तपासण्यांत पाहिले आहे. मोबाइलचे एखादे मॉडेल कोटींनी खपते. बोटीवरच्या यंत्राचे मॉडेल त्याच्या पासंगालाही पुरत नाही. साचा बनवण्याचा, खारट धुक्याच्या चाचण्या घेण्याचा, भर उन्हात वाचता येईल असा पडदा बसवण्याचा खर्च मात्र तितकाच, किंबहुना जास्त. तो थोड्या नगांवर वाटला की प्रत्येक नग महागतो. त्यातून सुटा भाग म्हणजे उद्या कुणी मागेल या भरवशावर आज फळीवर ठेवलेला माल. तो पाच वर्षे फळीवर राहिला तर जागेचे भाडे, विमा आणि अडकलेल्या भांडवलावरचे व्याज हे सगळे कुणाच्या तरी माथी बसणारच, आणि जो सहाव्या वर्षी मागायला येतो त्याच्याच माथी ते बसते. पडद्यांची गोष्ट तर आणखी अवघड. पडदे बनवणारे कारखाने वेगळे असतात. ते जुने माप बंद करून नव्याकडे वळतात. तेव्हा यंत्र बनवणाऱ्याला ‘शेवटची खरेदी’ म्हणून अंदाजाने साठा करून ठेवावा लागतो. अंदाज चुकला तर जुना पडदा कुठल्याही भावाला मिळत नाही.

आपल्याकडे यात आयातीची भर पडते. माल येन किंवा डॉलरमध्ये ठरतो, रुपया घसरला की भाव चढतो, एकच नग मागवला तर विमानाचे भाडे त्या एकाच नगावर पडते. शिवाय एका ब्रँडचा देशात एखाद-दुसराच अधिकृत वितरक. घासाघीस करायला समोर दुसरे दुकान नसते.

इथपर्यंतचा हिशेब मला मान्य आहे. याच्या पुढचा नाही.

वायरलेसच्या अँटेनाचा प्लग घ्या. तो साऱ्या रेडिओविश्वात चालणारा एकच ठरलेला प्लग आहे. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर तो किरकोळ पैशांत मिळतो आणि कुठल्याही कंपनीच्या वायरलेसला बसतो. आता ट्रान्सड्यूसरचा प्लग घ्या. आतून जाणाऱ्या तारा जवळपास सारख्या, काम सारखे, पण एका कंपनीचा प्लग आठ पिनांचा, दुसरीचा दहा, तिसरीचा बारा. कुणाची खाच डावीकडे तर कुणाची उजवीकडे. अमेरिकेतल्या न्यू हॅम्पशायरमध्ये एअरमार नावाचा कारखाना आहे. तो एकटा अनेक कंपन्यांसाठी ट्रान्सड्यूसर बनवतो. म्हणजे आतली वस्तू एकाच घरची आणि टोकाचा प्लग ज्याच्या त्याच्या कुळाचा. खाऱ्या हवेने तो प्लग हिरवा पडला की नुसता प्लग बदलावा, एवढी साधी इच्छा असते. पण तो सुटा मिळाला तर मिळाला, आणि मिळाला तर त्याचा भाव प्लगचा नसतो, नावाचा असतो.

यंत्रांनी एकमेकांशी बोलावे यासाठी अमेरिकेतल्या बोट-इलेक्ट्रॉनिक्स व्यावसायिकांच्या संघटनेने एनएमईए ०१८३ ही सामाईक भाषा १९८३ साली ठरवली. पुढे एनएमईए २००० आली. मोटारगाड्यांत वापरतात त्याच तारांच्या जाळ्याच्या पद्धतीवर ती उभी आहे. उद्देश चांगला : एका कंपनीचा जीपीएस दुसऱ्या कंपनीच्या पडद्याला जोडता यावा. तरीही काही कंपन्यांनी भाषा तीच ठेवून तारेचे टोक तेवढे आपले वेगळे काढले, म्हणजे जोडणीसाठी त्यांचीच केबल घ्यावी लागते. आणि ही सामाईक भाषा ज्या पुस्तकात लिहिली आहे ते पुस्तकही विकतच घ्यावे लागते. आमच्या बंदरातल्या दुरुस्तीवाल्याने ते डोळ्यांनी पाहिलेले नाही.

या दुरुस्तीवाल्याविषयी थोडे सांगायला हवे. टेबल, भिंग, डाग देण्याची इस्त्री, गरम हवेचा झोत आणि कोपऱ्यात मेलेल्या यंत्रांचा ढीग, एवढे त्याचे भांडवल. ढीग हीच त्याची गोदी. एका मेलेल्या पेटीतला पडदा, दुसरीतली बटणे, तिसरीतला वीज नियंत्रित करणारा भाग असे जमवून तो चौथी जिवंत करतो. कंपनीची अधिकृत सेवा बहुतेक वेळा अख्खा बोर्ड बदलते किंवा जुनी पेटी घेऊन ठरावीक रकमेत दुसरी देते. बोर्डावरचा दोन-चार रुपयांचा घटक शोधत बसणे त्यांच्या कुशल माणसाच्या वेळेला परवडत नाही. याला परवडते. मात्र त्याला सर्किटचा नकाशा कुणी देत नाही. तो अंधारात चाचपडत शिकला आहे आणि त्याचा मुलगा पुण्याला नोकरी करतो.

त्याच्याकडून मला जे कळले ते एवढ्यासाठी लिहितो की वाचकांपैकी कुणाचे नातेवाईक या धंद्यात असतील तर त्यांच्या कानावर जावे. त्याच्याकडे येणाऱ्या पेट्यांपैकी पुष्कळांचा खरा आजार पेटीत नसतो, विजेच्या तारेत असतो. बोटीचे वायरिंग इंजिनचा मिस्त्री करतो, आणि तोही घराला वापरतात त्या साध्या तांब्याच्या तारेने, पिळून, वर चिकटपट्टी गुंडाळून. समुद्रावर अशी तार आतून काळी-हिरवी पडत जाते. कथिलाचा मुलामा दिलेली तार थोडी महाग पडते, पण टिकते. दुसरे, ज्या बॅटरीवर इंजिन सुरू होते त्याच बॅटरीवर यंत्रे चालवली तर प्रत्येक वेळी स्टार्टर मारताना वीज खाली जाते आणि मग उसळते. नाजूक पेटीला ते बाधते. तिसरे, फ्यूज उडाला की त्याजागी तार बांधणे. चौथे म्हणजे बोट किनाऱ्यावर ओढलेली असताना ‘चालतो का बघू’ म्हणून फिशफाइंडर बराच वेळ सुरू ठेवणे. ट्रान्सड्यूसर पाण्यात काम करण्यासाठी असतो. कोरड्यात तो तापतो, आणि जास्त ताकदीचा असला तर कायमचा जातो. दोनशे रुपयांची काळजी घेतली नाही म्हणून हजारोंचा भाग आणणारे पाहून त्याला हसू येते आणि रागही येतो.

स्वस्त चिनी यंत्रांचा पर्याय नाही का? आहे, आणि लहान बोटी तो सर्रास घेतात. तिथे सुट्या भागाच्या किमतीचा प्रश्नच येत नाही, कारण बऱ्याचदा सुटा भागच नसतो. मॉडेल दोन वर्षांनी बदलते, विक्रेता मोबाइलची कव्हरे विकायला लागलेला असतो. यंत्र गेले की टाकून द्यायचे. तरुण तांडेल जागा पाहण्यापुरता सरळ मोबाइलच वापरतात, आणि त्यात शहाणपण आहे. मोबाइलचा पडदा तालुक्याच्या गावी तासाभरात बदलून मिळतो. पण मोबाइल पाण्याखाली हाक मारू शकत नाही. आणि किनारा दहा-बारा मैल मागे पडला की त्याच्यावरून माणसालाही हाक मारता येत नाही.

बँकेतल्या दिवसांत बोटीच्या कर्जाचे प्रकल्प अहवाल माझ्या टेबलावरून जात. बोटीचा सांगाडा इतका, इंजिन इतके, जाळी इतकी, आणि शेवटी ‘दुरुस्ती व देखभाल’ या नावाखाली वार्षिक ठोक रक्कम. ही रक्कम लाकडाच्या आणि इंजिनाच्या अनुभवावरून ठरलेली. लाकूड आगाऊ सूचना देते : फट दिसते, पाणी झिरपते, पावसाळ्यात बोट ओढली की सुतार काय ते सांगतो. इंजिनही कुरकुरते, धूर काढते. इलेक्ट्रॉनिक भाग कसलीही नोटीस न देता जातो, आणि बहुधा बोट धंद्यावर असताना जातो, कारण यंत्र चालते ते तेव्हाच. मालक मग हप्त्याचा पैसा तिकडे वळवतो. ज्या बोटींवर वाट्याची पद्धत आहे तिथे डिझेल, बर्फ, शिधा वजा करून उरलेल्याचे वाटे पडतात. यंत्राची दुरुस्ती मालक आपल्या वाट्यातून करतो. कर्जखाते थकले की आम्ही ‘मासळीचा दुष्काळ’ असे कारण लिहीत असू. दुष्काळ खराच होता, पण काही खात्यांत त्याला एका केबलचीही साथ होती, हे कागदावर कुठेच येत नसे.

सुट्या भागांचा हा जाच बोटीपुरताच नाही, हे सरकारदरबारी पूर्वीच सिद्ध झाले आहे. भारतीय स्पर्धा आयोगाने २०१४ च्या ऑगस्टमध्ये चौदा मोटार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४४ कोटी रुपयांचा दंड ठोठावला होता. कारण हेच : अस्सल सुटे भाग आणि दुरुस्तीची माहिती खुल्या बाजारात न देता त्यांनी गाडीमालकाला आपल्याच अधिकृत दुकानांशी बांधून ठेवले. प्रकरण पुढे अपिलांत गेले. पण गाडी विकल्यावर तिच्या सुट्या भागांची बाजारपेठ ही एक स्वतंत्र बाजारपेठ असते आणि तिथे विकणारा राजा असतो, ही गोष्ट त्या निकालाने स्पष्ट मांडली.

त्यानंतर २०२२ साली केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने ‘दुरुस्तीचा हक्क’ या विषयावर समिती नेमली. सुरुवातीला चार क्षेत्रे निवडली : शेतीची अवजारे, मोबाइल व टॅबलेट, घरगुती टिकाऊ वस्तू आणि वाहने. त्याच वर्षअखेर कंपन्यांनी दुरुस्तीची माहिती एका ठिकाणी द्यावी म्हणून पोर्टलही सुरू झाले. अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्याने तर २०२३ साली कायदाच केला : ट्रॅक्टर आणि कापणी यंत्रांचे सुटे भाग, हत्यारे आणि माहिती शेतकऱ्याला मिळालीच पाहिजे. आपल्या चार क्षेत्रांत बोट नव्हती. आता एक योगायोग पाहा. एप्रिल २०२५ मध्ये महाराष्ट्र मंत्रिमंडळाने मत्स्यव्यवसायाला कृषीचा दर्जा दिला. वीज, कर्ज, विमा यांत सवलती मिळाव्यात हा त्यामागचा हेतू. पण दर्जा कृषीचा म्हटल्यावर शेतकऱ्याचे अवजार आणि मच्छीमाराचे अवजार यांत फरक का करावा? ट्रॅक्टरच्या पंपासाठी जो हक्क मागितला जातो, तो ट्रान्सड्यूसरच्या केबलसाठी मागायला आता निदान एक कागद हाती आहे. मच्छीमार संघटनांच्या मागण्यांत डिझेलचा परतावा असतो, परप्रांतीय बोटी असतात, एलईडी दिव्यांची मासेमारी असते, आणि ते रास्तही आहे. सुट्या भागांचा मुद्दा मात्र माझ्या वाचनात कधी आलेला नाही.

कंपन्या म्हणतील, बोटीवरची यंत्रे जिवाशी संबंधित असतात, अडाणी हातांनी उघडली तर अपघात होईल. यात तथ्य आहे. पण उलट बाजूही जिवाशीच संबंधित आहे. ११ नोव्हेंबर २००९ रोजी ‘फयान’ वादळ कोकण किनाऱ्यावरून गेले तेव्हा कितीतरी बोटी समुद्रात होत्या आणि अनेक मच्छीमार परत आले नाहीत. त्या काळी वादळाचा निरोप सर्व बोटींपर्यंत वेळेवर पोचवण्याची सोयच अपुरी होती. आज निरोप जाऊ शकतो. व्हीएचएफ वायरलेस अँटेना उंच असेल तर वीस-पंचवीस सागरी मैल बोलतो. परंतु ज्या बोटीचा वायरलेस ‘भाग आला की बघू’ म्हणून सहा महिने नुसता टांगलेला आहे, तिच्यापर्यंत निरोप कसा पोचणार? दुरुस्ती महाग झाली की माणूस ती चांगल्या माणसाकडून करून घेतो असे होत नाही; तो ती पुढे ढकलतो. दुखऱ्या दाताचे आपण करतो तेच.

२६ नोव्हेंबर २००८ च्या मुंबईवरील हल्ल्यात दहशतवादी ‘कुबेर’ नावाची मासेमारी बोट बळकावून आले होते. त्यानंतर आपली बोट कुठली आणि परकी कुठली हे कळावे म्हणून बोटींवरच्या यंत्रांना सुरक्षेचे महत्त्व आले. वीस मीटरपेक्षा लांब बोटींना एआयएस आले, लहान बोटींसाठी काय करावे यावर वर्षानुवर्षे खल झाला. ३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघरमध्ये पंतप्रधानांच्या हस्ते एका योजनेची सुरुवात झाली : देशभरातल्या एक लाख मासेमारी बोटींवर उपग्रहाशी बोलणारे ट्रान्सपॉण्डर बसवायचे, मच्छीमाराला फुकट, खर्च सुमारे ३६० कोटी. यंत्र ‘इस्रो’ने विकसित केलेले, म्हणजे देशी. संकटात बटण दाबले की संदेश जातो आणि उत्तरही येते. योजना चांगली आहे. भर समुद्रात टॉवर नसतो हे ज्याने अनुभवले आहे तो तिला नावे ठेवणार नाही.

माझ्यासारख्या जुन्या हिशेबनीसाला मात्र तिच्यात तो जुनाच स्तंभ रिकामा दिसतो. पेटी फुकट, तिची केबल, बॅटरी, अँटेनाचे टोक यांचे पाच वर्षांनी काय? यंत्र देशी असल्यामुळे इथे एक संधी होती आणि अजून आहे. प्लग बाजारात मिळतो तोच वापरावा, नकाशा दुरुस्तीवाल्यांना द्यावा, जिल्ह्याच्या ठिकाणी चार पोरांना शिकवावे. जपान्यांना किंवा अमेरिकनांना आपण सांगू शकत नाही. ‘इस्रो’ला सांगू शकतो.

तोपर्यंत करण्यासारखे काही आहे, आणि त्याला दिल्लीची गरज नाही. किनाऱ्यावरच्या मच्छीमार सहकारी संस्था डिझेल देतात, काही ठिकाणी बर्फ आणि जाळ्याचे सूत देतात. बंदरातल्या साठ बोटींपैकी चाळिसांवर एकाच दोन कंपन्यांची यंत्रे असतात. मग दोन ट्रान्सड्यूसर, चार केबली, प्लगांचा एक डबा आणि कथिलाच्या तारेचे एक भेंडोळे संस्थेने एकत्र मागवून ठेवले तर विमानभाडे एकाच नगावर पडत नाही, आणि तीन आठवड्यांची वाट दहा मिनिटांवर येते. पडून राहिलेल्या मालाचे व्याज चाळीस जणांत वाटले तर ते एका फेरीच्या चहापाण्याइतकेही होत नाही. मी हिशेब करून पाहिला आहे. खरेदी मे महिन्याच्या आत व्हायला हवी, म्हणजे जूनपासूनच्या बंदीच्या काळात, बोटी वर ओढलेल्या असताना, तळाची कामे उरकता येतील.

एका संस्थेच्या सचिवांना हा हिशेब दाखवला तेव्हा त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो उधारीचा. नेलेला भाग परत कधी भरणार? बरोबर प्रश्न होता. आम्ही बसून ठरवले की डिझेलच्या परताव्यातून तीन हप्त्यांत वळता करावा. लेखापरीक्षक काय म्हणेल त्याची त्यांना थोडी धास्ती आहे. तरी त्यांनी कार्यालयातले एक लोखंडी कपाट रिकामे केले, वरचे दोन कप्पे फिशफाइंडरच्या सामानाला ठेवले. तिसरा कप्पा ट्रान्सपॉण्डरसाठी. त्याच्या अँटेनाची केबल सुटी मिळते का आणि मिळत असेल तर कितीला, असे पत्र त्यांनी पाठवले आहे. उत्तर अजून यायचे आहे.